फ्रेमांमागची भिंत

दारसैतच्या डोंगरांवर ढग उतरले की माझा हात आपोआप जवळच्या भिंतीकडे जातो. तळवा टेकवते आणि थोडा वेळ तसाच ठेवते. मस्कतमध्ये वर्षातले बहुतेक दिवस भिंती तापलेल्या असतात, त्यामुळे भिंत गार लागली की इथल्या माणसाला बरंच वाटतं. मला वाटत नाही.

या आठवड्यात पुन्हा लो प्रेशरच्या पावसाचे निरोप फिरायला लागलेत. शाळेच्या ग्रुपवर परीक्षा पुढे जाणार का याची चर्चा चालली आहे. लोक वादीत, म्हणजे इथल्या कोरड्या नदीच्या पात्रात, लावलेल्या गाड्या काढून उंचावर नेतायत. आकाश घासायच्या राहिलेल्या पितळेच्या रंगाचं झालंय. वारा अजिबात नाही. अशा दिवसांत इथले उघडे, झाडाचं एक पान नसलेले डोंगर जरा पुढे सरकून बसल्यासारखे दिसतात.

काल सकाळी कुरुमच्या माझ्या दुकानात एक मुलगी आली. केतकी नाव, पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे महिन्याभरापूर्वी इथे आलेली, कडेवर जेमतेम बसायला लागलेलं बाळ. पडदे हवे होते. कापड बघता बघता म्हणाली, घरात फ्रेमा बऱ्याच आहेत, त्या कशा लावाव्यात ते तुम्ही छान सांगता असं ऐकलंय. सगळ्या एका उंचीवर लावल्या तर शाळेच्या ऑफिससारखं दिसतं, काहीतरी वेगळं सुचवा. मी सवयीने विचारलं, घर कुठे आहे. तर म्हणाली, दारसैतला, डोंगराला लागून, हिरव्या गेटचं. मालकाने नुकतंच सगळं नवं करून रंगवून दिलंय. मागची खोली बाळाची करायची आहे, तिथे सशांचे पडदे हवेत.

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. ते घर माझं होतं.

माझं म्हणजे भाड्याचंच. पण रुवीतल्या एका खोलीत शाळेचे गणवेश उसवून-शिवून सुरुवात केलेल्या बाईला स्वतंत्र दार, स्वतंत्र गेट असलेलं घर मिळालं तेव्हा ते माझंच होतं. मी महाडजवळच्या खेड्यातली. नवरा सतीश एका कंपनीत हिशेबनीस, पगारात आनंदी. वर चढायची घाई मलाच होती. घासाघीस करण्यात मला कोणी हरवलं नव्हतं. मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, दुकानदार मला लांबून बघून चहा सांगायचे, कारण व्यवहार लांबणार हे त्यांना माहीत असायचं. मी तापट आहे असंही लोक म्हणतात. म्हणू देत.

त्या घरात आमच्या आधी सुलभाताई राहायच्या. त्याही पुण्याच्या. नवरा मोठ्या हुद्द्यावर, एक मुलगा, घरात बोलणं हळू आवाजात. ते कायमचे परत चालले होते. इथून जाणारी माणसं घर विकायला काढतात, म्हणजे घर सोडून आतलं सगळं: सोफा, फ्रिज, कढया, कुंड्या. आणि जाता जाता घरमालकाला पुढचा भाडेकरूही गाठून देतात. मी सोफा बघायला गेले आणि भिंत बघून थांबले.

तशी भिंत मी तोवर बघितली नव्हती. आमच्यात फ्रेम म्हणजे देवाची, नाहीतर गेलेल्या माणसाची, आणि ती दाराच्या वर, छताला चिकटून, पुढे झुकलेली. इथे फ्रेमांचा थवा होता. खाली, सोफ्याच्या हाताशी, एक छोटीशी, मग तिच्या उजवीकडे जरा वर दुसरी, मग दोन, मग तीन, अशा चढत चढत त्या पार छताच्या कोपऱ्यापर्यंत गेलेल्या. मत्रहच्या समुद्रकिनाऱ्याचं जलरंगातलं चित्र, तपकिरी कागदावरची वारली, जुन्या पैठणीच्या काठाचा तुकडा काचेत बसवलेला, मुलाच्या लहानपणच्या हाताचा लाल ठसा, एक रिकामी चांदीच्या रंगाची चौकट, तिच्यात नुसती भिंत. मागच्या खोलीत तर कमालच होती. लाकडी चौकटीवर अख्खी कशिद्याची चादर ताणून बसवलेली, जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत. मी म्हटलं, एवढी मोठी? त्या म्हणाल्या, लहान खोलीत एकच मोठी गोष्ट लावली की खोली मोठी दिसते.

त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकताना आपण कोणीतरी झाल्यासारखं वाटलं. फ्रेमा आधी जमिनीवर मांडून बघायच्या. वर्तमानपत्राचे तेवढेच तुकडे कापून भिंतीला चिकटवायचे, दोन दिवस बघायचं, मग खिळा. सगळ्या चौकटी एकसारख्या नकोत. काही टांगायच्या, काही नुसत्या फळीवर टेकवून ठेवायच्या. आणि भिंतीला चढ हवा, म्हणाल्या, नजर वर गेली पाहिजे.

मी सौदा टाकला: फ्रेमांसकट भिंत आहे तशी हवी, चादरसुद्धा, तरच सोफा, फ्रिज आणि बाकीचं सगळं मी उचलते.

त्या गप्प झाल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने खिडकीबाहेर. समोरचा माणूस गप्प झाला की त्याचा अर्थ लावायचा, हा माझा धंदा. मला वाटलं, जीव अडकलाय त्यांचा. आता दम धरायचा. मी दम धरला.

"काढणार नाही ना तुम्ही त्या?" अखेर त्यांनी विचारलं. "जिथे आहेत तिथेच ठेवाल?"

मी ठेवीन म्हटलं. घरी येताना गाडीत मी सतीशला तो संवाद दोनदा ऐकवला. जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्या फ्रेमांमागे तडा होता. सोफ्याच्या हाताशी सुरू होऊन उजवीकडे चढत छताच्या कोपऱ्यात गेलेला. फ्रेमांची ओळ म्हणजे त्या तड्याची वाट होती. डोंगर फोडून जागा केलेली, घराची मागची लांब भिंत त्या खडकाच्या अंगालाच उभी. हॉल आणि मागची खोली, दोन्हींना डोंगराकडून तीच एक भिंत. खोलीतल्या चादरीमागे काय होतं ते पुढे सांगते. तिथेच, त्या चादरीला उशी लावून, मी माझ्या मुलीचा पलंग ठेवला होता.

ईशा तेव्हा चौथीत होती. शाळेत, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत, घरी माझ्यासाठी मराठी शोधून शोधून बोलायची. रोज सकाळी दप्तर पाठीला लावल्यावर ती हॉलमध्ये थांबून फ्रेमा सरळ करायची, कारण रोज सकाळी त्यातल्या दोन-तीन वाकड्या झालेल्या असायच्या. आम्ही हसायचो. सतीश म्हणायचा, फ्रेमासुद्धा तुला घाबरून मान खाली घालतायत.

मग पावसाचे दिवस आले. इथे पाऊस म्हणजे आपल्यासारखा मुक्कामाला येणारा नव्हे. वर्षात काही मोजके दिवस येतो, पण उघड्या डोंगरावरून सरळ खाली येतो, वाटेत त्याला अडवायला कोणी नसतं. त्या वर्षी तो एकदा पडून गेला, मग पुन्हा, मग पुन्हा. पाऊस थांबून ऊन पडायचं, लोक वादीचं पाणी बघायला निघायचे, भजी तळायचे, आणि आमच्या घरात मात्र एक वास राहून जायचा. ओल्या चुन्याचा, आणि त्याच्या खाली कसलातरी गोडसर, ओळखीचा पण नाव न सापडणारा. मी उदबत्त्या लावल्या, एसी धुऊन घेतला. वास तिथेच.

मत्रहच्या चित्रातलं आकाश त्या दिवसांत बदलायला लागलं. चित्रकाराने ते स्वच्छ रंगवलेलं होतं. काचेच्या आत, कोपऱ्यातून, करडे ठिपके आले, मग ते एकमेकांना मिळाले. जहाजांवर ढग येत गेले. मी रोज जाता-येता बघायची आणि काच पुसायची, जणू ते बाहेरून लागलेलं होतं.

ईशा म्हणाली, "आई, माझ्या वॉलमध्ये कोणीतरी बोटं वाजवतंय."

परीक्षा तोंडावर होती. मला वाटलं, अभ्यास टाळायचाय. मी रागावले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच सांगितलं, पण या वेळी फक्त बाबांना. सतीश म्हणाला, अर्बाबच्या माणसाला एकदा बोलावू या. अर्बाब म्हणजे घरमालक. मी म्हटलं, बोलाव, पण तो आला की भाडं वाढवायचं काढेल. तो माणूस आला, बाहेरून घराकडे बघितलं, इन्शाल्ला रंगारी पाठवतो म्हणाला. रंगारी आला नाही.

माझ्या दुकानाचं मात्र त्याच दिवसांत बस्तान बसत होतं. पडदे शिवून द्यायला घरोघर जायची, तेव्हा लोकांच्या मोकळ्या भिंती दिसायच्या, आणि मी सुलभाताईंचं सगळं शिकवणं माझं म्हणून सांगायची. खालून छोटी सुरुवात करा, तिरपं वर न्या, चढ हवा. लोकांना आवडायचं. कुरुममध्ये किती घरांत तो तिरपा चढ माझ्यामुळे लागला, मला आज आठवत नाही. धडधाकट भिंतींवर मी एका तड्याची नक्कल करत फिरत होते.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं, पण क्रमाने नाही. शाळा लवकर सोडली होती. पाऊस सकाळपासून पडत होता आणि बाहेर डोंगराचा रंग काळा झाला होता. जेवून ईशा मागच्या खोलीत झोपली. अंगात थोडी कणकण होती तिच्या. सतीश ऑफिसमध्ये अडकलेला. मी हॉलमध्ये पडद्याला चुण्या घालत बसले होते. हाताच्या ठशाची फ्रेम पडली. काच फुटली. मी चिडून हातोडी आणली, खिळा त्याच जागी धरला, आणि हातोडी मारायच्या आधीच, नुसत्या अंगठ्याने, तो खिळा डोक्यापर्यंत आत गेला. पिकलेल्या चिकूत जावा तसा.

मी शेजारची फ्रेम काढली. मग तिच्या वरची. प्रत्येकीच्या मागे तडा भरलेला होता, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या गोष्टीने. कुठे पांढरी पुट्टी, कुठे करडं सिमेंट, कुठे कागदाचे बोळे कोंबून वरून रंग. एका जागी ओलं होऊन ते फुगून बाहेर आलं होतं. मी बोट लावून वास घेतला. पुदिना. टूथपेस्ट होती ती. भाड्याचं घर सोडताना खिळ्यांची भोकं आपण सगळेच टूथपेस्टने बुजवतो, मालकाला दिसू नयेत म्हणून. मीही बुजवली आहेत. पण सुलभाताईंनी वीतभर तडा बुजवला होता, एकदा नव्हे, थर दिसत होते.

मला भीती वाटायच्या आधी राग आला. माझा स्वभावच तसा. मी फोन उचलून पुण्याला लावला. भिंतीचं काही बोललेच नाही. म्हटलं, सुलभाताई, तुमचे खिळे काय लायकीचे आहेत, तुमच्या मुलाच्या हाताची फ्रेम पडून फुटली, इथे पाऊस काय पडतोय—

"ईशा कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, झोपली आहे. का?

"मागच्या खोलीत? मंदा, तिला उठव. आधी उठव." त्या मला कायम मंदाताई म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या.

खोलीत गेले तेव्हा चादर फुगली होती. शिडात वारा भरावा तशी, तिच्यावरचे कशिद्याचे मोर पोटाशी ताणले गेले होते, आणि त्या फुगवट्याखाली माझी मुलगी कुशीवर झोपलेली. आवाज अजिबात नव्हता. मी तिला हाताला धरून ओढली, तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, ती रडायला लागली. आम्ही अनवाणी बाहेर, समोरच्या हमीदाभाभींच्या दारात. त्या दापोलीकडच्या. काही न विचारता त्यांनी ईशाला पदरात घेतलं. मग आमच्या घरातून आवाज आला. फार मोठाही नव्हता, गोणी रिकामी करावी तसा.

"काय गो पडला?" भाभींनी विचारलं.

संध्याकाळी सतीशबरोबर जाऊन बघितलं. चादरीची लाकडी चौकट पलंगावर आडवी पडली होती, तिच्यावर माती आणि दगड. उशी दिसत नव्हती.

सुलभाताईंशी मी त्यानंतर एकदाच बोलले. त्यांनी काही लपवलं नाही. मालकाच्या माणसाला त्यांनी अनेकदा सांगितलं होतं, तो दरवेळी रंगारी पाठवायचा. मुलगा खोकायला लागला तेव्हा त्यांनी त्याला आपल्या खोलीत घेतलं आणि मागची खोली सामानाची केली. तड्याकडे बघवत नव्हतं म्हणून पहिली फ्रेम लावली. तो पुढे सरकला, त्यांनी दुसरी लावली. जाताना खरं सांगितलं असतं तर भाडेकरू मिळाला नसता आणि मालकाने त्यांना लवकर मोकळं केलं नसतं. एवढी वर्षं उभी आहे, आणखी काही वर्षं राहील, असं वाटलं, म्हणाल्या. आणि मग एक वाक्य म्हणाल्या, जे मला आजही पावसाच्या दिवसांत आठवतं: "मला वाटायचं, फ्रेमा आहेत तोवर भिंत आहे."

त्यांच्या मुलाला त्यांनी हलवलं. माझी मुलगी तिथे झोपणार हे त्यांना माहीत होतं. मी त्यांच्यासमोरच मोजमाप घेऊन म्हटलं होतं, पलंग इथे बसेल. तेव्हा त्या चहा ठेवायला आत गेल्या. हे मी विसरणार नाही. त्या दुपारी त्यांनी फोनवर पहिला प्रश्न ईशाचा विचारला, हेही मला विसरता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. सरळ शत्रू असत्या तर बरं झालं असतं. सतीश म्हणतो, सोडून दे आता. त्याला सोडता येतं. तो कधीच कुणाशी ईर्ष्येने वागला नाही.

आता आमच्या फ्लॅटमध्ये फ्रेमा आहेत, पण भिंतीवर एकही नाही. ईशा नववीत आहे, ती चित्रं काढते, मी तिला ती फळीवर टेकवून ठेवायला सांगते. खुर्चीवर ठेव, खिडकीत ठेव, कपाटाच्या दाराला आतून लाव. तिच्या मैत्रिणींना हे फार कल्पक वाटतं. ईशा त्यांना काही सांगत नाही. झोपताना मात्र पलंग खोलीच्या मधोमध ओढून घेते.

तर काल केतकी दुकानात उभी होती, सशांच्या कापडाचा तुकडा हातात घेऊन. मी तिला सांगितलं. सरळ सांगितलं, की मी त्याच घरात राहायचे, ती भिंत पडली होती, बाळाला तिथे ठेवू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. म्हणाली, काकू, मालकाने सांगितलंय मला, आधीच्या भाडेकरूंशी त्याचं भांडण झालं होतं, म्हणून ते असं काहीबाही सांगतात. आणि मागे डोंगराला भिंत बांधलीय आता. मी म्हटलं, बांधली असेल, पण त्याच खडकाला टेकून. मी आवाज चढवला. तो चढतोच माझा. तिने कापड काउंटरवर ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, पडद्याचा भाव कमी करायचा नसेल तर तसं सांगा ना. आणि गेली. आयुष्यभर मी प्रत्येक वाक्य भावासाठी बोलले, त्यामुळे माझं खरं बोलणंही लोकांना भावच वाटतं, हे मला काल कळलं.

आज दुपारी ढग पार खाली आले. दुकानात बसवेना. सशांचं कापड गुंडाळून घेतलं, शिलाईच्या पोरींना घरी पाठवलं आणि दारसैतला गेले. हिरवं गेट तेच होतं. केतकीने दार उघडलं, तिच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. मी आत जाऊन कुठेही बघितलं नाही. म्हटलं, सौदा करायला आलेय. सगळ्या घराचे पडदे मी शिवून देते, फुकट, अस्तरासकट, रॉडसकट. बाळाचा पाळणा पुढच्या खोलीत हलव.

"आणि यात तुमचा काय फायदा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पुढच्या वर्षीचेही शिवून देते. ती म्हणाली, काकू, तुम्ही मला घाबरवताय. मी म्हटलं, हो. मग ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. मीही थांबले, पण दम धरून नव्हे. अखेर ती म्हणाली, पाऊस जाईपर्यंत हलवते, मग परत तिथेच. घासाघीस करून मी वर्ष मागू शकले असते. मी लगेच हो म्हटलं.

मागची खोली नव्या रंगाने पांढरीशुभ्र होती. बाळ पाळण्यात जागं होतं, पाय नाचवत होतं. आम्ही दोघींनी पाळणा ढकलायला घेतला, त्याचं एक चाक उंबऱ्याला अडलं. ती वाकून चाक सोडवत असताना पहिले थेंब पडले, आणि भिंतीच्या पलीकडे, वरून कुठूनतरी, मूठभर खडी घरंगळत खाली आली. केतकी वाकलेलीच राहिली. मग तिने मान वळवून त्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं, आणि पाळणा सोडून बाळाला उचललं.